शिष्यवृत्तीच्या यादीतून कातकरवाडीचीच मुलं का गळतात?

प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सुधागड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेले एक शिक्षक विचारतात: पटावर अनुसूचित जमातीची १९ मुलं आहेत. गेल्या वर्षी त्यांतल्या १२ जणांच्या खात्यात शिष्यवृत्ती आली. राहिलेली सातही मुलं एकाच कातकरवाडीची. मुख्याध्यापक म्हणतात, "त्यांच्या आईबापांना पडलेलीच नाही." शिक्षकांना हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. यंदा काय करावं? शिवाय त्या सातांतल्या पाचवीतल्या एका मुलीचे आईवडील कोळसा पाडायच्या कामावर कर्नाटकात असतात आणि ती आजीकडे राहते. तिचं बँक खातं कसं काढायचं?

मी रोहा आणि सुधागड भागात आधी शिक्षिका आणि पुढे केंद्रप्रमुख होते. निवृत्तीनंतर वाड्यांवर दाखले काढून देण्याचं काम करते. तेवढ्या अनुभवावर सांगते.

मुख्याध्यापकांचं वाक्य मी प्रत्येक शाळेत ऐकलंय, कधी हळहळून म्हटलेलं, कधी हात झटकून. पण एक साधी गोष्ट बघा. दहावीपर्यंतच्या शिष्यवृत्तीचा अर्ज पालक भरतच नाहीत, तो शाळा भरते, मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून. पालकांनी कागद आणून द्यायचे, एवढाच त्यांचा भाग. म्हणजे सात मुलं राहिली असतील तर विचारायचं असं की कागद मिळाले नाहीत, मिळाले पण जुळले नाहीत, जुळले पण अर्ज शाळेच्याच लॉगिनमध्ये पडून राहिला, की अर्ज मंजूर होऊन पैसे भलत्याच खात्यात गेले? या चारही गोष्टी यादीत एकाच शब्दाने दिसतात: 'अप्राप्त'. नेमकं घोडं कुठे पेंड खातं ते मुलागणिक शोधल्याशिवाय पालकांवर ठपका ठेवता येत नाही, आणि त्यांची बाजूही घेता येत नाही.

त्याआधी 'अनुसूचित जमाती' हा रकाना फोडा. तुमच्या शाळेचा अहवाल वर जाताना '१९ पैकी १२' असा जातो आणि तालुक्याच्या बैठकीत तो बरा वाटतो. तुमच्या भागात मिळालेली बारा मुलं बहुतेक ठाकर किंवा महादेव कोळ्यांची असणार. त्या घरांकडे थोडी वरकस (हलकी, डोंगरउताराची) जमीन असते, घर वर्षभर एका जागी असतं, बापाने किंवा काकाने चार-सहा इयत्ता केलेल्या असतात. महाराष्ट्रात ४५ अनुसूचित जमाती आहेत. त्यांतल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तिघींनाच केंद्र सरकारने विशेष दुर्बल गट म्हटलंय. कातकऱ्यांचं कोकणातलं चित्र सगळ्यांना ठाऊक आहे: बहुतेकांना जमीन नाही, वाडी अनेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर, आणि वर्षाचे सहा-सात महिने पोट बाहेर. एकाच रकान्यात या दोन परिस्थिती बसवल्या की सरासरी ठाकरवाडीची निघते आणि कातकरवाडी दिसेनाशी होते. म्हणून तुमच्या नोंदवहीत जमातीनुसार आणि वाडीनुसार आकडा वेगळा लिहा: ठाकरवाडी इतक्यांपैकी इतके, कातकरवाडी सातापैकी शून्य. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात तो आकडा तसाच घाला. शून्य लिहिलेलं असलं की बैठकीत त्यावर बोलावंच लागतं.

आता पालकांच्या 'उदासीनते'चा हिशेब करू. राज्याची सुवर्ण महोत्सवी आदिवासी पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती २०१० साली आली. तिचे तेव्हा ठरलेले दर पहिली ते चौथीला वर्षाला १,००० रुपये, पाचवी ते सातवीला १,५०० आणि आठवी ते दहावीला २,००० असे. त्याच्याही आधीपासून, १९९२ पासून, पहिली ते चौथीच्या गरीब मागास घरातल्या मुलींना हजर दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता आहे, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तीन दशकं तो रुपया रुपयाच राहिला. (आमच्या वेळी हे सुटे पैसे वाटताना हजेरीपत्रकावर अंगठे घ्यायचे, आणि २२० रुपयांच्या त्या कागदपत्रांना जो वेळ जायचा त्यात एक धडा शिकवून झाला असता.)

या हजार रुपयांसाठी कातकरी बाईला काय करावं लागतं? तलाठ्याकडे एक खेप, सेतू केंद्रात एक, कागद अपुरा निघाला तर पुन्हा एक, आधारची दुरुस्ती असेल तर जिथे यंत्र चालू असेल तिथे एक, बँकेत एक, आणि बँकेचं नेट बंद असेल तर आणखी एक. दर खेपेला विक्रम रिक्षाचं जाऊन-येऊन भाडं, एका माणसाची दोन-तीनशेची मजुरी बुडलेली, आणि मुलाला सोबत न्यायचं तर त्याची शाळाही बुडालेली. चौथ्या खेपेला वर्षाची शिष्यवृत्ती संपते. हातात काही येण्याची खात्री तरीही नाही, कारण शेजारणीने मागच्या वर्षी एवढं सगळं केलं आणि तिला काहीच आलं नाही. अशा वेळी जी बाई "नको ती शिष्यवृत्ती" म्हणते, तिचं गणित तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं आहे. तेव्हा पालकसभेत समजावण्यापेक्षा खेपा कमी करा. सहाच्या दोन झाल्या तर तीच बाई येते.

खेपा कमी करायच्या तर कॅलेंडर बघावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच आहे. शासनाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. परिपत्रकं, पोर्टल, मुदतवाढी असं करत अर्जांचा खरा जोर बऱ्याचदा दिवाळीच्या पुढे-मागे येतो. कातकऱ्यांचं वर्ष वेगळं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम वाडीवर येतो, उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) देतो, आणि कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात: कोणी पनवेल-भिवंडीकडे, कोणी घाटावर, कोणी थेट कर्नाटकात. पावसाच्या तोंडाशी, मेअखेर किंवा जूनमध्ये, ती परत येतात. म्हणजे शाळेचा शिपाई कागद मागायला वाडीवर जातो तेव्हा घरांना कुडाची दारं ओढलेली असतात आणि अंगणात एखादी म्हातारी बसलेली असते. तो परत येऊन सांगतो, "कोणी भेटत नाही." ते खरंच असतं.

पावसाळ्यातही सगळे आठवडे सारखे नसतात. जून-जुलैत आवणाला, म्हणजे भातलावणीला, माणसं लागतात. लावणीचा एक दिवस सोडणं म्हणजे वर्षातली चांगली मजुरी सोडणं. ऑक्टोबरात भातकापणी, आणि तिच्या मागोमाग मुकादम. मधला पट्टा उरतो तो लावणी आटोपल्यापासून गणपती होऊन भात पोटरीला येईपर्यंतचा, म्हणजे साधारण ऑगस्ट आणि सप्टेंबर. या दिवसांत मजुरी कमी असते. माणसं नदी-ओढ्यावर मासे, खेकडे धरतात, रानभाजी विकतात आणि संध्याकाळी घरी असतात. तुमचं वर्षाचं सगळं काम या सहा-सात आठवड्यांत बसवा. पोर्टल अजून उघडलं नाही, परिपत्रक आलं नाही, याची वाट बघू नका. कागद तयार असले की अर्ज तुम्ही नोव्हेंबरातही भरू शकता, पालक तेव्हा भट्टीवर असले तरी.

आणि तालुक्याला एकेक मूल घेऊन जाऊ नका. वाडीच्या वाडी एका दिवशी, वाडीवरच, संध्याकाळी चारनंतर. सेतूवाला, तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक आणि जमल्यास बँकेचा प्रतिनिधी. त्यासाठी तहसीलदारांना आणि पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र जुलैतच द्या. पेणच्या कार्यालयाकडे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे तीन जिल्हे आहेत. तिथून कोणी आपणहून तुमच्या वाडीवर येईल ही अपेक्षा धरू नका, पण पत्र आणि मुलांची यादी हातात असली की शिबिराची तारीख मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमन मोहिमेत कातकऱ्यांसारख्या ७५ दुर्बल गटांसाठी आधार, जातीचा दाखला आणि बँक खातं वाडीवर जाऊन देण्याचं काम धरलेलं आहे. पत्रात तिचा उल्लेख जरूर करा. उल्लेख असला की पत्र टेबलावरून लवकर सरकतं.

आता एकेक कागद. यात जातीचा दाखला सगळ्यात अवघड, म्हणून तिथे जास्त वेळ घेते.

अनुसूचित जमातीचा दाखला प्रांताधिकारी देतात, तुमच्याकडे रोह्याचे. कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून राज्यात राहतं हे दाखवणारा पुरावा मागतात. ज्याच्या आजाने शाळा पाहिली नाही, ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याने १९५० चा कागद आणायचा कुठून? पहिल्यांदा वाडीतलं सगळ्यात शिकलेलं माणूस शोधा. प्रत्येक वाडीवर कोणीतरी एक असतो ज्याचा दाखला निघालेला आहे. तो सात मुलांपैकी कुणाचा चुलता, कुणाचा आतेभाऊ असतो. बापाकडून रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक चौकशीचा अहवाल यांवर बरंच काम होतं. आतेभावाचं नातं बापाच्या बहिणीकडून येतं, ते इथे चालत नाही, हे वंशावळ लिहिताना लक्षात ठेवा. दुसरी जागा तहसीलच्या अभिलेख कक्षातली जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. आजाच्या किंवा पणज्याच्या जन्माची नोंद तिच्यात जातीसकट सापडते, कारण कोतवाल जात विचारून लिहायचा. नक्कल मागायला वेळ लागतो, पण एका पणज्याची नोंद सापडली की चार घरांचं काम होतं. तिसरी जागा तुमचं स्वतःचं कपाट, म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. या मुलांचे काका, आत्या कधीतरी पहिलीत आले असतील आणि सहामाहीनंतर गेले असतील. त्यांची ती एक ओळ आज सोन्याची आहे.

जनरल रजिस्टरमध्येच एक खड्डाही आहे. जुन्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसतं 'आदिवासी' लिहून ठेवलेलं असतं. आदिवासी ही जात म्हणून कोणत्याच यादीत नाही. यादीत नोंद आहे ती कातकरी, काथोडी आणि त्यांच्या पोटनावांची. रजिस्टरमधली नोंद शिक्षकाने आपल्या मनाने खोडून दुरुस्त करायची नसते, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. नव्या मुलांच्या बाबतीत मात्र प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारून नेमकी जमात लिहा. पहिलीच्या प्रवेशाला लिहिलेला एक शब्द त्या पोराला बारावीनंतर ठाण्याच्या जमात पडताळणी समितीसमोर लागणार असतो.

परिस्थितीनुसार बदलणारा भाग हाच. कोणत्या इयत्तेला जातीचा दाखला सक्तीचा, कुठे मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रावर चालतं, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा धरतात, हे योजनेगणिक आणि परिपत्रकागणिक बदलतं. राज्याची योजना वेगळी. नववी-दहावीची केंद्राची योजना वेगळी. तिच्यात घरून येणाऱ्या मुलाला महिन्याला २२५ रुपये दहा महिने आणि पुस्तकांचे ७५० असा हिशेब आहे. या वर्षीचं परिपत्रक प्रकल्प कार्यालयातून मिळवून शाळेत लावा. ऐकीव नियमांवर जितके अर्ज अडतात तितके खऱ्या नियमांवर अडत नाहीत.

नावं जुळणं ही दुसरी गंमत. पोरीला घरी बारकी म्हणतात, अंगणवाडीत दुसरं नाव लिहिलेलं, आधार काढणाऱ्याने त्याचं इंग्रजी स्पेलिंग आपल्या कानाप्रमाणे केलेलं, जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी टाकलेली. शाळेत आडनाव वाघमारे, बापाच्या आधारवर पवार, कारण बाप लहानपणी मामाकडे वाढला. पोर्टलला यातलं काही कळत नाही. माझा सल्ला असा की आधी ठरवा कोणता कागद 'मूळ' धरायचा. जन्मदाखला असेल तर तोच, नसेल तर आधी तो काढा आणि बाकी सगळे त्याच्यामागे ओढा. उलट केलंत, म्हणजे सोपं म्हणून शाळेतलं नाव आधारप्रमाणे केलंत, की दोन वर्षांनी आधारच दुरुस्त होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. मूल पाच वर्षांचं झाल्यावर आणि पुन्हा पंधरा वर्षांचं झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिलं की आधार असूनही अडतं, आणि वाडीवर हे कोणालाच माहीत नसतं.

बँकेबद्दल थोडक्यात. पैसे पासबुकावरच्या खात्यात जातात असं आपण समजतो, पण थेट लाभाचे पैसे आधारला जे खातं शेवटचं जोडलेलं असेल तिकडे जातात. पालकाचा आधार दिलेला असेल तर मोबाइलचं सिम घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात पैसे जाऊन बसल्याचं मी पाहिलंय, आणि घरात कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. म्हणून 'खातं आहे का' एवढं विचारून थांबू नका, आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते ते शिबिराच्या दिवशीच बघा. शाखेत "खातं बंद पडलंय, आधी पैसे भरा" असं सांगितलं तर रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम दाखवा. शिष्यवृत्ती किंवा थेट लाभासाठी उघडलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय धरता येत नाही. शाखेतल्या माणसालाही हे बऱ्याचदा माहीत नसतं, वाद न घालता परिपत्रकाची प्रत पुढे ठेवावी.

यातलं काहीच चुकलेलं नसताना मूल गळण्याची एक जागा आहे, ती तपासायची कोणाला सुचत नाही. कातकरी मुलं अधूनमधून आश्रमशाळेत जातात आणि परत येतात. गावच्या शाळेतल्या मुलांसाठीची ही शिष्यवृत्ती निवासी मुलांना नसते, कारण त्यांचा खर्च तिथे शासन करतं. मूल आश्रमशाळेतून पळून आलं, तुम्ही वर्गात बसवलं, पण ऑनलाइन नोंद तिथून सोडवली गेली नाही, तर पोर्टलच्या लेखी ते अजून तिकडेच जेवतंय. अर्ज नाकारला जातो आणि कारण कोणी वाचत नाही. सातांतलं एखादं तरी असं निघेल.

हजेरीवर मी जरा स्पष्ट बोलते, कारण चांगल्या मनाचे शिक्षकही इथे गोंधळतात. मूल भट्टीवर गेलंय, हजेरी कमी भरली तर शिष्यवृत्ती जाईल, म्हणून 'ह' मांडत राहायचं. करू नका. कागदावर मूल शाळेत आहे म्हटल्यावर त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह (आईबाप कामावर बाहेर असताना मुलांना गावातच सांभाळणारं) मागता येत नाही, आणि भट्टीजवळच्या शाळेलाही त्याचा पत्ता लागत नाही. हजारभर रुपयांसाठी आपण त्याचे सहा महिने लपवून टाकतो. दुसरं टोक म्हणजे नाव पटावरून काढून टाकणं, तेही नको. कुटुंब निघायच्या आधी त्या मुलाचं शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद) भरून आईच्या हातात द्या. फोटो काढून मुकादमालाही पाठवा, त्याचा नंबर वाडीवर सगळ्यांकडे असतो. भट्टी ज्या गावात आहे तिथल्या शाळेत एक फोन करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कागद नाहीत म्हणून ती शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. तिथली हजेरी मिळवून आपल्याकडे जोडता येते. सगळ्या मुलांचं हे जमत नाही, भट्टी माळावर असेल आणि शाळा चार किलोमीटरवर, तर पोर जात नाही. पण आजी-आजोबा वाडीवर असतील तर मूल मागे ठेवायला तयार होणारी घरंही असतात, त्यांच्याशी उचल घेतली जाण्याआधी बोलायचं. उचल घेतल्यावर बोलून उपयोग नाही, कारण तेव्हा पोराचे हातही विटा उलटायला धरलेले असतात.

इथे कोणी म्हणेल की मग पैसेच वाढवावेत. मेक्सिकोत १९९७ साली प्रोग्रेसा नावाची योजना सुरू झाली, तिच्यात आईच्या हातात पैसे द्यायचे, मुलाची हजेरी ८५ टक्के हवी, आणि रक्कम ठरवताना मूल कामाला गेलं असतं तर काय कमावलं असतं हे बघितलेलं. वरच्या इयत्तांना रक्कम जास्त, त्यातही मुलींना जास्त. माध्यमिक शाळेतली संख्या त्याने खरोखर वाढली. पण ज्या वस्तीच्या आवाक्यात शाळा आणि दवाखाना नाही ती वस्ती सुरुवातीला योजनेतच घेतली नाही, कारण अट पाळणं तिथे शक्य नव्हतं. अशा आडरानातल्या वस्त्यांत मूळनिवासी लोकच जास्त. पैसे पुरेसे ठेवले तरी अटीची चौकट कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखली यावर कोण बाहेर राहणार ते ठरतं, हे तिथेही दिसलं. आपल्याकडे रक्कमही तुटपुंजी आणि चौकटही वर्षभर एका गावात, एका नावाने राहणाऱ्या मुलाची.

मग हजार रुपयांनी मूल शाळेत टिकतं का? माझ्या पाहण्यात, नाही. उचलीच्या हजारोंच्या आकड्यापुढे ते काहीच नाही, आणि शिष्यवृत्ती दिली की स्थलांतर थांबेल असं तुम्हाला कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. तरी मी या कामात एवढा जीव घालते त्याचं कारण वेगळं आहे. तिसरी-चौथीच्या हजार रुपयांसाठी गोळा केलेली फाइल, म्हणजे जन्मदाखला, जातीचा दाखला, जुळलेलं नाव, चालू खातं, हीच फाइल अकरावीच्या शिष्यवृत्तीला, आदिवासी वसतिगृहाला आणि पुढे स्वयम योजनेला लागते. स्वयममध्ये बारावीनंतर वसतिगृह न मिळालेल्या मुलाला राहण्या-जेवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपयांपर्यंत मिळतात, मुंबई-पुण्यात ६०,००० पर्यंत. कातकऱ्यांचं जे एखादं पोर दहावी होतं, ते अकरावीला 'आठ दिवसांत दाखला आणा' या एका वाक्यावर गळताना मी बघितलंय. आठ दिवसांत १९५० चा पणजा सापडत नाही. तो चौथीत असतानाच शोधून ठेवायचा.

यंदासाठी एक वही करा, मुलागणिक एक पान. जन्मदाखला, आधार, नाव जुळतं का, जमात, उत्पन्न, खातं, आधारजोडणी, शाळेने अर्ज पाठवल्याची तारीख, मंजुरी, जमा, आणि सगळ्यात शेवटी 'हातात पडले'. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवा. खात्यात जमा झालेले पैसे घरात पोचायला कधी कधी आणखी एक पावसाळा जातो, कारण कोणी बँकेत गेलेलंच नसतं. ऑक्टोबरात ही वही घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसा. कुठला रकाना पालकांमुळे रिकामा आहे आणि कुठला कचेरीमुळे किंवा आपल्याच लॉगिनमुळे, ते त्यांनाच वाचू द्या. भांडणाची गरज पडत नाही. त्यांच्यावर इतर अहवालांचा एवढा बोजा असतो की सात मुलांचं काम कोणी अंगावर घेतलं तर ते नको म्हणणार नाहीत.

राहिली आजीकडची मुलगी. आजी सांभाळत असली तरी बँक तिला सहसा पालक म्हणून धरत नाही. आईवडील हयात असताना कायदेशीर पालकत्वाचा कागद मागतात आणि त्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. दोन वाटा आहेत. आई पावसाळ्यात वाडीवर असते, तेव्हा शिबिराच्या दिवशी आई पालक म्हणून खातं काढा. आई पालक म्हणून चालते, बापच हवा असं शाखेत म्हणाले तर ऐकू नका. दुसरी वाट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडू आणि चालवू देण्याची बँकांना मुभा आहे. पाचवीतली मुलगी दहाची झालेलीच असेल, फक्त आधारवर जन्मतारीख काय पडली आहे ते आधी बघा, १ जानेवारी टाकताना वर्षही चुकलेलं असू शकतं. प्रत्येक बँकेची आपली मर्यादा असते, म्हणून आधी शाखेत विचारून घ्या. तिला सही करायला शिकवून न्या. आजीलाही सोबत घेऊन जा, पैसे काढायला पुढे त्या दोघीच जाणार आहेत, आणि काउंटर कोणता ते आजीला माहीत असलेलं बरं.